खालच्या ओळीतलं नाव

दि. ४ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा लेख असलेला कीटकशास्त्राच्या पत्रिकेचा अंक काल संग्रहालयात आला. शिपायाने तो साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या ऐवजी चुकून माझ्याच टेबलावर ठेवला. बरंच झालं म्हणायचं, कारण वाचताना माझा चेहरा कसा झाला ते साहेबांनी पाहिलं नाही. अभिनंदन. ते आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहिण्याच्या नादात राहून जाईल.

वहिनी, माझ्या पोटात दुखतंय, आणि कशाने ते तुला चांगलं माहीत आहे. कॉलेजात एका बाकावर बसून आपण दोघींनी मिळून हे चिमुकल्या पतंगांचं घराणं निवडलं. पुस्तकं त्याला प्रजाती म्हणतात आणि त्यातल्या वेगवेगळ्यांना जाती म्हणतात, पण आपल्या तोंडी घराणंच बसलं. पुढे तू दादाच्या चष्म्याच्या दुकानात भिंग घ्यायला गेलीस आणि दुकानदारच घेऊन गेलीस. एका रात्रीत माझी मैत्रीण माझ्याहून मोठी झाली आणि मला आशीर्वाद लिहू लागली. ते मी गिळलं. तुला दादा, घर, शेतकी कॉलेज आणि धान्यातल्या किडी. मला पतंग, अशी सरळ वाटणी झाली होती. मग माझ्या वाटणीत हात घालायचं तुला काय नडलं होतं?

तांदळाच्या दाण्याएवढा जीव. दिव्यावर येणारे सगळे राखाडी, एखाददुसरा डाग सोडला तर सारखे. नुसत्या डोळ्यांनी पाहून कोण कुठल्या जातीचा हे आजवर कोणाला खात्रीने सांगता आलेलं नाही. पोटाचं टोक सुईने अलगद तोडायचं, कॉस्टिकच्या पाण्यात शिजवायचं, खवले झटकायचे, काचपट्टीवर मांडायचं, मग मायक्रोस्कोपखाली कुठे त्याची ओळख पटते. या कामात माझी मान गेली, डोळे गेले. एवढं करून मी या घराण्यात मोजक्या जातींची भर घातली आणि त्यातल्या पहिलीला तुझं नाव दिलं, तू अजून माझी वहिनी झाली नव्हतीस तेव्हा. आणि तू कॉलेजच्या आवारात सकाळी फिरायला जातेस आणि झुडपाखालून एक नवीन जात उचलून आणतेस!

वर तिला माझं नाव देतेस. इथे सगळे माझं कौतुक करतायत, ग्रंथपालबाईंनी तर चहा मागितला. मग त्यांनी वर्णन मोठ्याने वाचलं. फिकट, पिवळसर, पंखांवर कसलीही खूण नाही, अंगाने स्थूल, उडण्यास मंद, नर अद्याप अज्ञात. वहिनी, हे वर्णन पतंगाचं आहे की माझं? निदान नर अज्ञात एवढं तरी माझ्या नावाशेजारी छापायला नको होतं. लेखनिकसुद्धा हसला.

असो. संग्रहालयाच्या कपाटात तुझ्या जातीचे नमुने असायला हवेत, तेव्हा दोन-चार पाठव. दादाच्या गुडघ्याचं काय झालं? मुलांना आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ आहे, पण सध्या तो आजारी आहे असं समज.

तुझी,
वन्सं

---

दि. १३ मार्च

चि. वन्सं यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

होय, आशीर्वादच. जळा हवं तेवढं.

तुमचं पत्र मला दुसऱ्या हातानेच मिळतं. पोस्टमन ते दुकानात देतो, तुमचे दादा गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ते उभ्या उभ्या वाचतात, हसतात, पुन्हा वाचतात आणि संध्याकाळी घडी मोडलेलं माझ्या हातात ठेवतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या कुठल्या चिठ्ठीवर ते असे हसलेले नाहीत. मी माहेरी गेले की पत्र पाठवायचे, तर उत्तरात फक्त दुधवाल्याचा हिशेब यायचा. तेव्हा पोटात काय फक्त तुमच्याच दुखतं असं समजू नका.

आता राग जरा ओसरला, म्हणून तू म्हणते. अगं, नर मिळाला नाही म्हणून अज्ञात लिहिलं. शास्त्रात आणखी काय लिहितात? तुला प्रत्येक झुडपाखाली तुझीच निंदा दिसते. तू माझ्या नावाची जात जाहीर केलीस तेव्हाचं वर्णन आठव. काळपट राखाडी, पंखावर एक ठळक काळा डाग, दिव्याभोवती झुंडीने घिरट्या घालणारा, मादी अज्ञात. तो काळा डाग कोणता म्हणून मी तुला विचारलं का? ते पान मी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलंय. माझं लग्न ठरल्याचं कळल्यावर तू महिनाभर बोलली नाहीस, तेव्हा मी तेच पान काढून वाचत असे.

आणि फिरायला जाते म्हणून हिणवू नकोस. तू दिवा लावून पांढऱ्या चादरीसमोर खुर्ची टाकून बसतेस आणि जो येईल त्याला बाटलीत घालतेस. दिव्याकडे येतात ते दिव्याचे वेडे. मी उन्हं वर यायच्या आत कंबर वाकवून झुडपाची एकेक शेंग उलटी करून पाहते, तेव्हा कुठे शेंगेच्या देठाला चिकटून बसलेली एखादी दिसते. बोट लावलं तरी उडत नाही. माझी पद्धत गावंढळ असेल, पण ही जात तुझ्या चादरीवर कधीच आली नसती.

खरं सांगू का, मला तुझ्या कपाटांचा हेवा वाटतो. तुझ्या कमरेला किल्ली आहे, तुझा स्वतःचा मायक्रोस्कोप आहे, त्यावर कापड घालून तू घरी जातेस आणि सकाळी तो तसाच असतो. इथे कॉलेजात मायक्रोस्कोप तिघांत एक, आणि त्याच्या भिंगावर मुलींनी बोटं उमटवलेली. माझे पतंग स्वयंपाकघरातल्या खिडकीत बरण्यांमध्ये आहेत. परवा ह्यांनी चहा करताना साखरेची समजून धान्यातल्या अळ्यांच्या बरणीचं झाकण काढलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

सोबत तीन माद्या कापसात ठेवून पाठवत आहे. चौथीने बरणीत शेंगेवर अंडी घातली आहेत, ती वाढवून पाहते. मिळालाच नर, तर तुला लगेच कळवेन, म्हणजे ग्रंथपालबाईंपुढे तुझी लाज राहील. गुडघा बरा आहे. तुझा लोभ लवकर अंथरुणातून उठो.

तुझी,
वहिनी

---

दि. २९ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

माद्या पोचल्या. कापूस जास्त दाबलास, एकीची मिशी तुटली.

आता खुर्चीत नीट बसून वाच. मी तिघींनाही भिंगाखाली घेतलं. रंग सोडून दे, रंगानेच आपल्याला आजवर फसवलंय. डोक्यावरच्या खवल्यांची ठेवण, पुढच्या पंखातल्या शिरांचा फाटा, मागच्या पायावरचे काटे, सगळं मी ओळखलं. हे मी माझ्या पहिल्या जातीत इतकी वर्षं पाहत आले आहे, झोपेतसुद्धा काढून दाखवीन. वहिनी, तुझी ही नवी जात नवी नाहीच. माझ्याकडे ड्रॉवरभर नर पडून आहेत, दिव्यावर आलेले. त्यांची मादी कधीच मिळाली नव्हती, कारण ती दिव्यावर येत नाही, तुझ्या शेंगांखाली लपून बसते. तुझ्याकडे नुसत्या बायका, माझ्याकडे नुसते नवरे. एका जोडप्याला आपण दोघींनी दोन वेगळ्या जाती म्हणून छापून टाकलं!

अंडी जपून वाढव. त्यातून काळ्या डागाचे राखाडी नर निघाले, तर आणखी पुरावा लागणार नाही. नियम तुला माहीत आहे. एकाच जीवाला दोन नावं पडली तर आधी छापलेलं टिकतं आणि नंतरचं पडतं. आधीचं माझं आहे. तुझी जात गेली. मी अजून कोणाला बोललेले नाही, पण नर निघाल्याचं तू कळवलंस की पत्रिकेला टिपण पाठवणार.

मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाहीये. खोटं कशाला लिहू? काल कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले. दादाला सांग, त्याची बायको हुशार आहे पण बहीण जास्त हुशार आहे.

लोभ ठणठणीत बरा झाला आहे.

तुझी,
वन्सं

---

दि. १८ मे

चि. वन्सं हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी अळ्या वाढायच्या होत्या, मग त्या शेंगेत कोष करून बसल्या आणि शेवटी मी रागावून बसले.

परवा बरणीच्या फडक्यावर आतून चार बसलेले दिसले. काळपट राखाडी, पंखावर ठळक डाग. खाली शेंगेला चिकटून पिवळ्या, फिकट, जाड, तुझ्या. एकाच आईची लेकरं. तू जिंकलीस. मी बरणी तशीच ठेवून कॉलेजात गेले आणि पहिल्या वर्गाला भुंगेरे शिकवायचे होते ते सोडून व्याकरणाच्या बाईंसारखी शिस्त शिकवून आले. घरी सगळे माझ्यापासून चार हात लांब होते. थोरल्याने स्वतःहून भांडी घासली.

माझी एवढी एकच जात होती गं. तुझ्या इतक्या आहेत.

मग काल तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि हसू फुटलं. चांगलं हसू नव्हतं ते, आधीच सांगते. तू पोटभर जेवलीस ना? जेवताना एक गोष्ट ध्यानात आली नाही वाटतं. आधीचं नाव टिकतं, बरोबर. पण तू दिलेलं ते आधीचं नाव कोणाचं आहे? माझं. आणि जे पडणार ते कोणाचं? मी दिलेलं, तुझं. मला बुडवायच्या घाईत तू होडीवरचं नावसुद्धा वाचलं नाहीस. जात जाहीर करणारी कर्ती म्हणून तू राहशील, पण जात ओळखली जाईल ती माझ्या नावाने. तुझं नाव या घराण्यातून जाईल, आणि तेही तुझ्याच हातून.

हे लिहून झाल्यावर मला बरं वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. म्हणून आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. तुझं नाव मी थट्टेने दिलं नव्हतं. मी या घरात आले आणि तुझ्या खोलीत मुलांची टेबलं लागली. तू येतेस ती पिशवी घेऊन, पाहुणीसारखी खाटेच्या कडेला बसतेस, पाणी मागून घेतेस. तुझ्याच घरात पेला कुठे आहे ते तुला माहीत नसतं. तुझा दादा, तुझी खोली, यातलं काही मला परत करता येत नाही, आणि करायची इच्छाही नाही, हेही खरं. ते झुडपाखाली सापडलं तेव्हा वाटलं, हे एवढं माझ्या हातात आहे. शिवाय एकदा तरी तू माझे आभार मानावेस असंही वाटलं. तू आभार मानले नाहीस, ते सोड.

तर आता ऐक. बरणी माझ्या खिडकीत आहे. घरचे सोडले तर हे नर कोणी पाहिलेले नाहीत. या घराण्याकडे बघणाऱ्या जगात आपण दोघीच, तिसरं कोणी इतक्यात येत नाही. मी फडकं सोडून त्यांना बाहेर जाऊ देते. माझी जात राहील, तुझं नाव राहील, तुझा शोध तेवढा तू विसरायचा. तुझ्या दादांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले की शास्त्रातलं त्यांना कळत नाही, पण बहिणीचं नाव कुठेतरी छापलेलं असावं असं त्यांना वाटतं. एवढं बोलून ते दुकानात गेले. मी आठ दिवस बरणीला हात लावत नाही. तू म्हणशील तसं.

लोभाचं मी काही लिहीत नाही, तो तुझ्या उत्तरावर आहे.

तुझी,
वहिनी

---

दि. २४ मे

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

फडकं सोडू नकोस, अशी तार काल केली आहे, ती मिळाली असेलच. तार पाहून दादा घाबरला असेल, त्याला सांग की सगळे खुशाल आहेत.

हो, मी वाचलं नव्हतं. इतक्या वर्षांत तुझ्या नावाची जात म्हणजे माझी जात, असंच डोक्यात बसलं होतं. त्यात तुझं नाव आहे हे मी विसरूनच गेले होते. तुझं पत्र कामावर वाचलं. साहेबांनी दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही.

तुला पहिलं उत्तर मी लिहिलं होतं ते वेगळंच होतं. त्यात नरांना सोडून दे असं लिहिलं होतं. पाकीटसुद्धा चिकटवलं होतं. कारण मला माझं नाव हवं आहे, वहिनी. तुझं नाव दारावरच्या पाटीवर आहे, मुलांच्या दाखल्यांवर आहे, दादाच्या तोंडात तर दिवसभर आहे. मला इथे सगळे बाई म्हणतात. तिकडे मी मुलांची आत्या आणि तुझी वन्सं. आई गेल्यापासून मला माझ्या नावाने हाक मारणारं एक दादा सोडला तर कोणी नाही, आणि तोही वर्षातून एकदा भेटतो. तुझ्या लेखात ते छापलेलं पाहिलं तेव्हा मला राग आला हे खरं, पण त्या अंकाची एक प्रत मी स्वतःच्या पैशांनी मागवली हेही खरं. हे कोणाला सांगू नकोस. दादाला तर नाहीच.

मग पाकीट फाडलं. का फाडलं ते सांगते, आणि मोठेपणा म्हणून घेऊ नकोस. आधी वाटलं की पुढे कोणीतरी शहाणा येईल, ड्रॉवर उघडेल आणि आपल्या दोघींना हसेल, म्हणून खरं ते आपणच सांगावं. छान कारण आहे, साहेबांना मी हेच सांगितलं. पण खरं कारण ते नाही. तुझे तीन नमुने मी माझ्या नरांच्या शेजारच्या ड्रॉवरमध्ये लावले होते. रोज सकाळी कपाट उघडलं की माझ्या घराण्यात माझ्याशेजारी तुझी जात, कर्ती म्हणून तू. ते मला रोज पाहवलं नसतं. माझं स्वतःचं नाव गेलेलं परवडलं, पण तू तिथे माझ्या बरोबरीने बसलेली नको, असं मला स्वच्छ वाटलं. अशी तुझी नणंद आहे. तू मला खोली परत करायची इच्छा नाही असं लिहिलंस ना, मग मीही खरं ते लिहिलं.

टिपण आज सकाळी टपालात टाकलं. त्यावर दोघींची नावं आहेत आणि तुझं पहिलं आहे. बरण्या तुझ्या, शेंगा तुझ्या, कंबर तुझी मोडली, म्हणून. मी नुसते काटे मोजले. आता त्या चार नरांना आणि त्यांच्या बहिणींना हळूच मारून, टाचण्या टोचून, तारखेची चिठ्ठी लावून पाठव. कापूस दाबू नकोस.

दुपारी मी ड्रॉवर आवरला. शेजारचा ड्रॉवर रिकामा केला, तुझ्या माद्या माझ्या नरांच्या रांगेत आणून लावल्या. पिवळ्या, जाड, एकीला मिशी नाही, पण रांग पहिल्यांदा पुरी दिसली. मग नवी चिठ्ठी लिहायला घेतली. दादाला एक नियम सांग, तो शास्त्राचाच आहे आणि त्याला आवडेल. पडलेलं नाव खोडत नाहीत. टिकलेल्या नावाच्या खाली, जरा आत सरकवून, बारीक अक्षरात ते लिहायचं असतं, आणि ज्याला ज्याला या पतंगाबद्दल पुढे काही लिहायचं असेल त्याला ते लिहावंच लागतं. गाळलं तर काम अपुरं धरतात. आपण दोघी गेल्यावरसुद्धा कुठल्याही देशात कोणीही तुझं नाव लिहिलं, की त्याखाली त्याला माझं लिहावं लागणार. दादाला घेऊन गेलीस, घर घेतलंस, मी काही करू शकले नाही. पण इथून तू मला पाहुणी म्हणून परत पाठवू शकत नाहीस.

चिठ्ठी टाचणीला लावून ड्रॉवर बंद केला. अक्षर चांगलं आलंय, वरचं आणि खालचंही. लोभ कमीजास्त होत राहील, तो तसाच चालू दे.

तुझी,
खालच्या ओळीतली